अकराच्या सुमाराची खरखर

३ सप्टेंबर

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण माझी इथली खोली एवढीशी आहे की पाय दाराबाहेर जातील. तेव्हा उभ्याउभ्याच केलाय असं समज.

पोचले. फाटकावरच्या काकांनी सर्वांत आधी माझा मोबाइल काढून घेतला, पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डब्याला कुलूप लावलं. वर म्हणाले, "सुट्टीवर जाशील तेव्हा मिळेल." फाटकापासून दोन किलोमीटर आत आमच्या तबकड्या आहेत. एकेक दुमजली घराएवढी, तोंड आभाळाकडे. त्या काही बोलत नाहीत, नुसत्या ऐकतात. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की कुणाच्या खिशातला मोबाइल म्हणजे त्यांच्या कानाशी वाजवलेला ढोल. म्हणून इथे मोबाइल नाही, वायफाय नाही, बिनतारी बेल नाही. गाड्यासुद्धा फक्त डिझेलच्या. पेट्रोलच्या गाडीला फाटकाच्या आत मज्जाव.

फोन आहे, पण एकच, तारेचा, आणि तो भांडारातल्या टेबलावर. तिथे चार जण कान टवकारून बसलेले असतात. शिवाय चाळीस वर्षं जहाजावर कानाला हेडफोन लावून तुझे कान गेलेत. मी बोलणार आणि तू "अं? अं?" करणार. त्यापेक्षा पत्रं बरी.

माझं काम म्हणजे बाहेरची खरखर शोधणं. तबकडीत काही भलतं ऐकू आलं की हातात अँटेना घेऊन निघायचं आणि उगम गाठायचा. चार महिने उमेदवारी आहे. डिसेंबरअखेर आमच्या प्रमुख बाई ठरवणार, मला कायम करायचं की नाही. बाबांनी तर आधीच सांगून ठेवलंय की कायम झाली नाहीस तर मुकाट्याने घरी यायचं आणि माझ्या छापखान्यात बसायचं. मला छापखान्यात बसायचं नाही, मामा.

तुझी भिंगरी

१० सप्टेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद भरपूर. वजन केलं तर तिकीट जास्त लागेल.

पत्र वाचून छाती फुगली. आपल्या घराण्यात लहरींच्या नादी लागलेला मी एकटाच होतो. तुझी मामी म्हणायची, "या माणसाला समोर बसलेलं माणूस ऐकू येत नाही, हजार मैलांवरचं ऐकू येतं." तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता समोर बसायला कुणी नाही, तेव्हा ती तक्रारही मिटली.

तुला मी पूर्वी शिकवलेलं आठवतंय का बघ. लहर ओळखायची ती तिच्या लांबीवरून. मीडियम वेव्हची लहर दोन-तीनशे मीटर लांब, ही जमिनीला धरून चालते आणि वाटेतल्या टेकडीला वळसा घालून जाते. शॉर्ट वेव्ह वीस-पन्नास मीटरची, ही माझी लाडकी. वर आभाळात विद्युतभारित थर आहे, त्यावर आपटून खाली येते, पुन्हा वर जाते, आणि अशा उड्या मारत अख्खा समुद्र ओलांडते. एफएमची तीन मीटर, ती सरळमार्गी. दिसेल तिथपर्यंतच जाते, म्हणून तिचे मनोरे उंच. तुमच्या मोबाइलची वीतभर किंवा त्याच्या आगेमागे. आणि वायफायची तर पेनाएवढी.

निघण्याआधी तू म्हणाली होतीस, की तिथलं इंटरनेट काचेच्या तारेतून उजेडाने येतं आणि तो उजेडही याच कुटुंबातला. हे काही मला पटत नाही. दिव्याचा उजेड आणि माझी शॉर्ट वेव्ह एका घरातली? माझी लहर भिंतीतून जाते. उजेड जातो का?

रोज काहीतरी लिहून ठेवतो, आठवड्यातून दोनदा तरी टाकीन. कंटाळू नकोस.

तुझा मामा

१८ सप्टेंबर

प्रिय मामा,

कंटाळते कसली! इथे सगळ्यांचा कारभार ईमेलवर, कागदाचं पत्र येतं ते माझ्या एकटीला. फाटकावर कुणीतरी आणून देतं, जेवणाच्या वेळी डिझेलची जीप आत येते तिच्यातून माझ्यापर्यंत पोचतं. तुझी आतापर्यंत तीन आली, तिसरं आजच. जीप दिसली की भांडारातले लोक म्हणतात, "आलं हिचं टपाल."

उजेडाचं म्हणशील तर एकाच घरातली पोरं. एकाच वेगाने धावणारी. फक्त उंचीत फरक. तुझी शॉर्ट वेव्ह ताडमाड, उजेडाची लहर इतकी बुटकी की एका केसाच्या जाडीत शंभरेक मावतील. मधल्या उंचीचीही भावंडं आहेत. टीव्हीचा रिमोट घे. त्यातून अवरक्त किरण निघतात, डोळ्याला न दिसणारा उजेडच तो. तुझा तू प्रयोग करून बघ. काचेच्या तारेतला उजेड आम्हाला चालतो कारण तो तारेच्या बाहेरच येत नाही, आमच्या तबकड्यांच्या कानावर पडत नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यापासून यंत्रावर एक खरखर दिसायला लागली आहे. सकाळी अकराच्या सुमाराला, दहा-बारा मिनिटं. रोज नाही, कधीतरीच. आम्ही दोन मीटर लांबीच्या लहरी ऐकत असतो, नेमकी तिथे येते आणि त्या वेळची सगळी नोंद फुकट जाते. बाईंनी मला बोलावून म्हटलं, "हे तुझं पहिलं काम." मी "हो" म्हणाले आणि अँटेना घेऊन निघाले.

तुझी भिंगरी

२५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

प्रयोग केले. रिमोट टीव्हीसमोर धरला आणि मध्ये वर्तमानपत्राची घडी धरली: टीव्ही ढिम्म. भिंतीकडे तोंड करून दाबला, तर भिंतीवरून परतून चालू झाला. मग रेडिओ लाकडी कपाटात ठेवून दार लावलं: गाणं चालूच. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला: गप्प. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. मी ट्रंकेला कान लावून बसलो होतो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आल्या पावली परत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या मुलाने येऊन माझी तब्येत विचारली.

तर तुझं म्हणणं मान्य. एकाच घरातली. वर्तमानपत्रातून आरपार जाणं उंच भावाला जमतं, बुटक्याला जमत नाही, आणि पत्र्यापुढे दोघेही हात टेकतात. सत्तरीत नवीन कळलं, बरं वाटलं.

खरखरीचं सांगतो, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. जवळचं आधी बघ. फाटकावर तुमचे जे काका बसतात त्यांचा पंखा, बेल, दिवा, सगळं उघडून तपास. पंख्याच्या मोटरीत ठिणग्या उडतात, त्याचीच खरखर असणार. मी पैजेवर सांगतो.

तुझा मामा

२१ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पैज हरलास. आणि मला घेऊन बुडालास.

अँटेनाची दिशा खरोखरच फाटकाकडे दाखवत होती, म्हणून मी तुझ्यावर विसंबले. खरखर सुरू झाली की निघते, पण जीप मिळवून पोचेपर्यंत ती थांबलेली असते. शेवटी काकांचा पंखा उघडला. मग बेल. मग हिवाळ्यात हात शेकायची शेगडी. पंखा परत जोडताना एक स्क्रू उरला, तेव्हापासून तो कुईकुई करतो. शेगडी परत जोडलीच गेली नाही. काका भडकलेत. तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीत. मी गेले की पाठ फिरवून रस्त्याकडे बघत बसतात. आणि खरखर आहे तशीच आहे.

परवा तर कमाल झाली. भांडारातल्या एकाने जुन्या नोंदी काढल्या. ही खरखर माझ्या येण्याआधी एकदाही नव्हती. मी आल्यावर आठ-दहाच दिवसांत सुरू झाली. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं नाही, खोलीत बोलावून विचारलं, "तुझ्याकडे दुसरा फोन आहे का?" मी नाही म्हणाले. त्यांनी माझी बॅग बघू दे म्हटलं. मी दाखवली. आत तुझी पत्रं होती, बाकी कपडे. त्यांनी सॉरी म्हटलं, पण मला रडू आलं ते आलंच.

डिसेंबरअखेरीला सव्वादोन महिने उरले. बाबांना काही बोलू नकोस.

भिंगरी

२७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

पंख्याबद्दल माफी मागतो. त्या काकांना माझ्यातर्फे नवी शेगडी घेऊन दे, मनीऑर्डर करतोय.

तू कळवलंस, तर मीही एक लपवलेलं सांगून टाकतो. तुझ्या बाबांना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलंय की पोरगी कायम झाली. ते "चार महिन्यांत काय दिवे लावते बघू" म्हणत होते, मला राहवलं नाही. आता त्यांनी छापखान्यात तुझ्या नावाने पेढे वाटले असतील नाहीतर तुझी खुर्ची तरी हलवली असेल. म्हणजे आता तुझ्या नोकरीत माझंही नाक अडकलं.

तेव्हा नीट बसून लिही. अंदाज नको. ती खरखर हेडफोन लावून ऐक आणि कशी ऐकू येते ते सांग. आणि कुठल्या कुठल्या तारखेला झाली ते सगळं लिही. मला लहरींचं गणित फारसं येत नाही, पण कान होते तेव्हा आवाज ओळखायला मी कधी चुकलो नाही.

मामा

९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तू बाबांना काय सांगितलंस? मामा! असो, ते आता नंतर.

ऐकलं. सलग खरखर नाही, बारीक टकटक आहे, भराभर. आधी ती टकटक धाप लागल्यासारखी मंदावत जवळ येते. मग चार-पाच मिनिटं संथ, एकसारखी, एका जागी. मग एकदम जोरात भरभर, आणि लांब जात विरून जाते.

तारखा: सप्टेंबरची १२, १५, १८, २२, २९. ऑक्टोबरची ३, ७, १०, १७, ३१. नोव्हेंबरची ४. वार कुठलेही. पाऊस असो, ऊन असो. मी आलेख काढले, कोष्टकं केली, चंद्राच्या कला ताडून बघितल्या. कशाशी कशाचा मेळ बसत नाही.

बाईंनी आज सांगितलं, वीस डिसेंबरपर्यंत उगम सापडला तर ठीक. नाहीतर त्यांना माझी शिफारस करता येणार नाही. वाईट बोलल्या नाहीत, पण बोलल्या.

तुझी भिंगरी

१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

खाली बसून वाच.

आमच्या जहाजावर जीवरक्षक होडी होती, पेट्रोलच्या इंजिनाची. ती पाण्यात सोडून चालू केली की माझ्या हेडफोनमध्ये हीच टकटक यायची. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी उडते, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं, बेशिस्त रेडिओकेंद्र. सगळ्या लांबीच्या लहरी एकदम फेकतं. जगातलं पहिलं बिनतारी यंत्र ठिणगीवरच चालायचं. डिझेलमध्ये ठिणगी नसते, म्हणून तुमच्याकडे डिझेल चालतं. तुझी टकटक चढावर दमते, फाटकाशी थांबून फुरफुरत राहते, आणि उतारावर सुसाट जाते. ही मोटरसायकल आहे.

कुणाची, ते तारखांनी सांगितलं. मी तुझी सगळी पत्रं काढून पलंगावर मांडली. "तुझं पत्र आज आलं" असं तू जिथे जिथे लिहिलंयस, त्या तारखा तुझ्या यादीत आहेत. मी ऑक्टोबरच्या मध्यावर दोन आठवडे सर्दीने आडवा होतो, एकही पत्र टाकलं नाही. तुझ्या यादीत १७ आणि ३१ ऑक्टोबरच्या मधले दिवस कोरे आहेत.

पोरी, तो पोस्टमन आहे. तुमच्या तिथे कागदाचं पत्र तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. तो माझी पत्रं घेऊन येतो. तू येण्याआधी खरखर नव्हती, कारण तू येण्याआधी मी तिथे लिहीत नव्हतो.

तो बिचारा नियमाने फाटकाबाहेर थांबत असणार, म्हणून कुणाला आक्षेप नाही, आणि तू शोधलंस ते सगळं फाटकाच्या आतलं. काका तुझ्याशी बोलत असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुम्हा लोकांना कोट्यवधी मैलांवरचं ऐकू येतं, आणि फाटकावरचा माणूस काय बघत बसतो ते ऐकायला कुणी नाही.

आता खात्री करून घे. मी आजपासून एक ओळ पाठवणार नाही. ८ डिसेंबरला एक पत्र टाकीन. १० पासून रोज पावणेअकराला फाटकाबाहेर उभी राहा. पत्र येईल त्याच दिवशी टकटक झाली, तर बाईंकडे जा आणि खरं ते सांग.

आणि मग मी लिहिणं बंद करतो. हे मी मनापासून सांगतोय, रुसून नाही. आठवड्यातून दोनदा कागद घेऊन बसायचं, यामुळे माझा आठवडा जायचा, हे खरं. पण तुझी नोकरी माझ्या गप्पांहून मोठी आहे.

मामा

१३ डिसेंबर

प्रिय मामा,

कालपर्यंत तीन आठवडे तुझं पत्र नाही, आणि तीन आठवडे यंत्रावर खरखर नाही. सगळे खूश, मी सोडून.

मी आधी काकांकडे गेले. नवी शेगडी दिली आणि माफी मागितली. त्यांनी शेगडी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "ही उघडायची नाही." मग विचारलं, पत्र कोण आणतं? म्हणाले, "पोस्टमन. जुनी फटफटी आहे त्याची. मी म्हणणारच होतो तुला, पण तू माझा पंखा मोडलास."

काल सकाळी अकरा वाजता चढावरून तो आला. माझ्या अँटेनाने अशी काही बोंब मारली की हेडफोन काढावे लागले. तो फाटकाशी थांबला, इंजिन चालूच. मी म्हटलं, "बंद का नाही करत?" तर म्हणाला, "बंद केली की पुन्हा सुरू होत नाही ताई. मागे एकदा केली होती, आठ किलोमीटर ढकलत नेली."

तसंच पत्र घेऊन बाईंकडे गेले. सांगितलं की खरखर माझ्यामुळेच होती, माझ्या टपालामुळे.  बाईंनी पाकीट उलटून बघितलं. मग म्हणाल्या, "इतकी पत्रं? काय लिहितात तुझे मामा?" मी ट्रंकेचं पत्र वाचायला दिलं. बाई हसल्या, मामा. त्या हसतात हे इथे कुणाला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "चूक नियमाची आहे. ठिणगी फाटकाबाहेर उडाली काय आणि आत उडाली काय, लहर थोडीच फाटकाशी थांबणार. पण तू फक्त उगम सांगितलास. उपायही तूच कर. वीस तारखेला बघू."

टपालच बंद करा, असं भांडारातले म्हणत होते. मी म्हटलं, नाही. पोस्टमनच्या फटफटीचा प्लग बदलला, त्यावर ठिणगीची लहर दाबणारी रोधक टोपी बसवली, तारेवर धातूच्या जाळीचं वेष्टण चढवलं. दोन तास लागले, पण नव्या प्लगने ती बंद केली तरी पुन्हा सुरू होते. यंत्र लावून बघितलं, आता ती फाटकाशी येऊनही जवळजवळ गप्प आहे. पण नुसतं 'जवळजवळ' चालणार नाही हे मला माहीत आहे. तबकडीने ऐकायला नको.

तेव्हा तू एक पत्र टाक. वीस तारखेच्या आत पोचेल असं. लिहिणं बंद करायचं तू एकट्याने ठरवायचं नाही.

तुझी भिंगरी

१६ डिसेंबर

चि. भिंगरीस,

हे परीक्षेचं पत्र. हलकं असावं म्हणून एकच कागद वापरतोय, गाडीला चढ आहे.

काय लिहावं सुचत नाही. समुद्रावर असताना शेकडो संदेश पाठवले, कधी हात अडखळला नाही. आज या एका कागदावर तुझी नोकरी आहे, तुझ्या बाबांपुढचं माझं तोंड आहे, आणि पुढे मी तुला लिहायचं की नाही तेही आहे. पत्रपेटीपुढे बराच वेळ उभा राहीन असं दिसतंय. जे होईल ते कळव. वाईट झालं तर आधी मला सांग, बाबांना मी सांगेन.

मामा

२० डिसेंबर

प्रिय मामा,

आज पावणेअकराला मी यंत्रापुढे बसले. बाई मागे उभ्या होत्या. भांडारातले चौघे दारात.

अकरा वाजले. पडद्यावर रेघ सरळ. अकरा दहा. सरळ. सव्वाअकरा झाले आणि माझा धीर सुटला, कारण रेघ इतकी सरळ होती की मला वाटलं, पोस्टमन आलेलाच नाही. पत्र वाटेत अडकलं, आज शेवटचा दिवस, परीक्षा झालीच नाही. बाईसुद्धा घड्याळ बघून म्हणाल्या, "आज नसेल आलं."

तेवढ्यात भांडारातला तारेचा फोन वाजला. फाटकावरचे काका होते. म्हणाले, "अगं, तुझं पत्र येऊन वीस मिनिटं झाली. तो गाडी बंद करून माझ्याशी गप्पा मारत बसलाय. न्यायला येतेस, की मी उघडून वाचू?"

बाईंनी तिथेच उभ्याउभ्या माझ्या कागदावर सही केली. मी जीप घेतली नाही, फाटकापर्यंत दोन किलोमीटर पळत गेले. तुझं पत्र वाचलं, मग तिथल्याच बाकावर बसून पुन्हा वाचलं, आणि काकांना वाचून दाखवलं.

बाबांना तू जे सांगितलं होतंस ते आजपासून खरं आहे. आणि आठवड्यातून दोनदाच का, रोज लिही.

तुझी भिंगरी